तेरा ओळींचा नकाशा

माझा धाकटा भाऊ आखातात असतो. त्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा फोन शुक्रवारी. संध्याकाळी साडेसहाला मी करते, कारण त्याच्यावर सोडलं तर राहून जातं. फोनआधी मी एका कागदावर यादी काढते. आई होती तेव्हा ती पानभर व्हायची: आईचं बीपी, औषधं, डॉक्टर आईला काय म्हणाले, आईने डॉक्टरांना काय ऐकवलं. आई गेल्यावर वर्षभर कागदपत्रांनी यादी चालवली. वारसनोंद, बँकेचं खातं, गॅसचं कनेक्शन, कबरीवरचा दगड. एकेक काम होत गेलं आणि मी टिक करत गेले. कामं उरकण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण आपण काय उरकतोय हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

पावसाळा सरल्यानंतरच्या एका शुक्रवारी यादीत दोनच मुद्दे होते. घरपट्टी भरली. टाकीचा कॉक बदलला.

“पुढचा मुद्दा?” भाऊ म्हणाला. माझ्या यादीची तो नेहमी अशी थट्टा करतो.

“संपले. तुझं काय?”

“नेहमीचंच.”

“बरं. ठेवू?”

“ठेव.”

दीड मिनिट झालं होतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि कागदाच्या उरलेल्या कोऱ्या जागेकडे बघत बसले. पुढच्या शुक्रवारी लिहायला काही नसेल तर मी फोन करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. कामाशिवाय फोन करायची मला सवय नाही आणि त्याला उचलायची नाही. एक शुक्रवार चुकला की दुसरा आपोआप चुकतो. वडील मी नोकरीला लागले त्याच वर्षी गेले. लग्न मी केलं नाही. रक्ताचं म्हणावं असं या भावाशिवाय कोणी नाही, आणि त्याला सांगायला माझ्याकडे टाकीच्या कॉकशिवाय काही उरलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पंधरा वर्षं भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, एका दोनशिक्षकी शाळेत काढली. आईला जमेना तेव्हा बदली मागून राहुरीजवळच्या देवळालीला आले. घर वडिलांनी बांधलेलं, तीन खोल्यांचं, रस्त्यालगत. ऊस चालू झाला की दिवसभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जातात आणि खिडकीची काच थरथरते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरातली कपाटं आवरायला काढली. कपाट क्रमांक एक, दोन, तीन, माळा, खोकी. आईचं शिलाई मशीन आणि त्याचा ड्रॉवर एवढ्यापुढेच ‘नंतर’ असं लिहिलं होतं.

तिसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर, भावाचा जुना गेम सापडला. हातात धरून खेळायचा, कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा. पुण्याजवळच्या कंपनीत पहिली नोकरी लागली तेव्हा त्याने तो घेतला होता, आणि परदेशी जाताना इथेच टाकून गेला. माळ्यावरच्या खोक्यात त्याच्याही आधीचा निघाला: टीव्हीला जोडायचा गेम, आम्ही शाळेत असतानाचा. पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. मी खोक्यावर लिहिलं: टीव्ही गेम एक, कॅसेट एक, रिमोट एक. दुसरा रिमोट सापडला नाही.

त्याच खोक्यात तळाला एक शंभर पानी वही होती.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. वडील साखर कारखान्यात फिटर होते. एका नाताळात त्यांनी बोनसमधून हा टीव्ही गेम आणला. मी अकरावीत, भाऊ सातवीत. कॅसेटमध्ये बरेच गेम होते, पण आम्ही खेळायचो एकच: रणगाड्यांचा. खाली मधोमध एका पक्ष्याचं चित्र असायचं, आम्ही त्याला घर म्हणायचो. वरून शत्रूचे वीस रणगाडे येणार, घराला गोळी लागली की खेळ संपला. पिवळा रणगाडा भावाचा, हिरवा माझा. घराच्या डाव्या बाजूला तो उभा, उजव्या बाजूला मी.

या गेममध्ये आपला नकाशा आपण मांडायची सोय होती. विटा, लोखंड, पाणी, झाडी. तेरा ओळी, ओळीत तेरा चौकोन. भाऊ तासन्‌तास मांडत बसायचा. पण गेमला काही लक्षात राहायचं नाही. लाईट गेली की नकाशा गेला, आणि आमच्याकडे लाईट रोज जायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा तो जमिनीवर लोळून रडला होता. मग मी वही काढली. त्याने मांडायचं, मी लिहायचं. विटेला ‘वि’, लोखंडाला ‘लो’, पाण्याला ‘पा’, झाडीला ‘झा’, रिकाम्याला टिंब. ओळींना एक ते तेरा क्रमांक. लाईट आली की मी वाचायची आणि तो पुन्हा मांडायचा. असे एकतीस नकाशे झाले. मग बारावी करून मी डी.एड.ला नगरच्या हॉस्टेलवर गेले, आणि घरी राहायला म्हणून परत आले ते आई आजारी पडल्यावर.

वहीत एकतीस पानं माझ्या अक्षरात होती. बत्तिसावं भावाच्या, पेन्सिलीने. हे पान मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या शुक्रवारी यादीत एकच मुद्दा होता, पण तो टाकीचा नव्हता.

“तुझा हातातला गेम सापडला. कपाट तीन.”

“अजून आहे तो? देऊन टाक भंगारात.”

“त्यावर आपला टीव्ही गेम चालेल का?”

 तो हसला. “चालतो. एम्युलेटर टाकावा लागतो. पण तुला नाही जमायचं ते.”

“का नाही जमायचं?”

“तायडे, तू व्हॉट्सअ‍ॅपवर अजून ‘कळावे’ लिहितेस.”

“पायऱ्या सांग. मी लिहून घेते.”

एम्युलेटर म्हणजे नक्कल करणारा प्रोग्राम. तो टाकला की एक जुनं यंत्र आपण त्याहूनही जुनं यंत्र आहोत असं वागायला लागतं. भावाने बारा पायऱ्या सांगितल्या, मी चौदा लिहिल्या, कारण दोन ठिकाणी त्याने घाई केली होती. फोन पंचवीस मिनिटं चालला. किती महिन्यांनी, ते मी मोजलं नाही.

पहिली पायरी बॅटरी. जुनी फुगून मागचं झाकण उचलून आली होती. राहुरीला मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा, डोळ्यांवर भिंग लावलेला.

“बाई, हे लई जुनं हाय. ह्याची बॅटरी आता मिळत न्हाई.”

“कुठे मिळेल ते सांगा.”

“नातवाला नवीन मोबाईल घेऊन द्या ना. सगळे गेम फुकट येत्यात.”

“नातू नाही. मलाच हवाय.”

त्याने भिंग डोळ्यांवरून वर केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी खेळनार?”

“हो.”

“व्हय का,” तो म्हणाला, आणि पुढे काही न विचारता त्याने खण उपसायला घेतले. बॅटरी त्याच्याकडे नव्हती, पण नगरला कोणाकडे मिळेल ते त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. निघताना म्हणाला, “चालू झालं तर दाखवायला आना, बाई. मी पन लई खेळलोय.”

पुढचे चार शुक्रवार या पायऱ्यांवर गेले. मेमरी कार्ड, त्याचा अडॅप्टर. यंत्राचं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं, तेव्हा चार्जर लावून ठेवायचा आणि कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. एम्युलेटरचा फोल्डर नेमक्या नावाच्या फोल्डरमध्येच टाकायचा. मी एक पातळी वर टाकला होता, म्हणून तो दिसतच नव्हता. कॅसेटमधला गेम फाईल होऊन इंटरनेटवर मिळाला. कॅसेट आमच्या माळ्यावर आहे, तेव्हा ही काही चोरी नाही, अशी मी मनाची समजूत घातली. भाऊ आता वेळेवर फोन उचलायचा. “कुठवर आली गाडी?” हे पहिलं वाक्य. एकदा त्याची बायको मागून म्हणाली, “ताईंचं काम झालं का विचारा.” म्हणजे तिकडे माझा विषय निघत होता.

खरं सांगायचं तर तेरावी पायरी मी एक आठवडा मुद्दाम अडवून ठेवली. पडद्याचा आकार जुन्या टीव्हीसारखा चौकोनी करायचा, एवढंच काम होतं, दोन मिनिटांचं. “जमत नाहीये,” असं मी फोनवर सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी झालेल्या कामापुढे टिक केली नाही.

गेम मात्र तेव्हाच चालू झाला होता. सुरुवातीलाच तो विचारतो, एक खेळाडू की दोन? माझं बोट सवयीने दोनवर गेलं. पिवळा आणि हिरवा, दोघं आपापल्या जागी आले. पण या यंत्राला बटणांचा एकच संच. ती बटणं पिवळ्याची. हिरवा होता तिथेच उभा राहिला, उभ्याउभ्या तीनदा मेला, आणि मग पिवळा एकटा राहिला. मी तो तसाच खेळत राहिले. शाळेतून आल्यावर, चहा झाला की, अर्धा तास. दर वेळी ठरवायचे की आता ‘एक’ घेऊ, आणि दर वेळी ‘दोन’ घ्यायचे.

तेव्हा मला आईचं एक जुनं पत्र आठवलं. हॉस्टेलवर आलेलं. वडिलांचा खोकला, शेजारणीची म्हैस, आणि खाली: ‘तुझा भाऊ दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन एकटाच खेळत बसतो, वेड्यासारखा. एकदा हा दाबतो, एकदा तो.’ मी उलट टपाली कळवलं होतं की दुसरा रिमोट काढून ठेव, ओढाताणीने वायर खराब होईल. वस्तू जपून वापरायच्या, हे घरात मीच सगळ्यांना सांगायचे.

चौदावी पायरी होती, वहीतला नकाशा मांडून बघणं. मी सरळ बत्तिसावं पान घेतलं. ओळ एक, वरून. तेरा अक्षरं वाचायची, तेरा चौकोन भरायचे. दीड तास लागला. हातातल्या पडद्यावर ते चौकोन मोजणं चाळिशीच्या चष्म्याने सोपं नाही. मांडून झाल्यावर पाहिलं तर नकाशाला काही अर्थच नव्हता. घराभोवती एक वीट नाही, उघडं. आणि पार वरच्या कडेला, शत्रू येतात त्याच्या बाजूला, एक लोखंडाची बंद खोली. तिच्यात कोणी नाही. मी नऊ वेळा खेळले. नऊही वेळा मिनिटाच्या आत घर गेलं.

शुक्रवारी मी त्याला खडसावलंच.

“तुझा शेवटचा नकाशा चुकलाय.”

“कुठला शेवटचा?”

“वहीतला. पेन्सिलीने लिहिलेला. घर सगळं उघडं, आणि वर लोखंडाची खोली बांधून ठेवलीस. कोणासाठी?”

तो आठवत होता. मग मोठ्याने हसला. “तायडे, उलटा लावलास तू. एक नंबर म्हणजे सगळ्यात खालची ओळ.”

“एक नंबर वरचा असतो. पहिल्या पानापासून.”

“तुझ्या पानांवर. तू होतीस तेव्हा मी मांडायचो, तू लिहायचीस. नंतर मांडायचंही मीच आणि लिहायचंही मीच. लाईट कधी जाईल नेम नाही. म्हणून आधी घर लिहायचं. वरचं गेलं तर गेलं.”

हे मला कधी सुचलं नव्हतं. पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती, आणि मी तसं म्हणाले.

“म्हणजे आता सरळ लावणार तू?”

“लावणारच. चौदावी पायरी आहे.”

“राहू दे,” तो म्हणाला. आवाज जरा बदलला होता. “काही खास नाही त्यात. लहानपणचं काहीतरी.” मग त्याच्या मुलीने त्याला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

शनिवारी चाचणीचे पेपर, रविवारी चर्च आणि तिथल्या भेटीगाठी, सोमवारी पंचायत समितीत प्रशिक्षण. मंगळवारी साडेपाचला मी यंत्र हातात घेतलं आणि खालून मांडायला सुरुवात केली.

ओळ एक. घराच्या डाव्या बाजूला पिवळ्याची जागा मोकळी. घराच्या उजव्या बाजूला ‘लो’, मग टिंब, मग ‘लो’. ओळ दोन. त्याच जागेवर सलग ‘लो लो लो’. मी थांबले. वही जवळ घेऊन पुन्हा वाचलं. पेन्सिल तिथे दाबून ओढली होती, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती.

दोन लोखंडांच्या मधलं ते टिंब म्हणजे हिरव्याची जागा. माझी.

बाकीच्या अकरा ओळी भरल्या. सुरू केलं. दोन खेळाडू. हिरवा आला तो लोखंडाच्या आत, डावीकडे भिंत, उजवीकडे भिंत, डोक्यावर छत. शत्रूच्या गोळ्या येऊन लोखंडावर टण्‌ टण्‌ वाजत होत्या. पिवळा मी इकडे तिकडे पळवत होते. या वेळी घर टिकलं. वीसच्या वीस रणगाडे गेले आणि गुणांचा पडदा आला. पिवळा वीस. हिरवा शून्य, आणि तिन्ही जीव शाबूत.

मी नकाशा सेव्ह केला. आता लाईट गेली तरी तो जात नाही. मग यंत्र टेबलावर ठेवलं आणि भावाला फोन लावला.

“काय झालं?” त्याने पहिल्याच रिंगला उचलला. मागे कसलीतरी यंत्रं घरघरत होती. “कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग? आज मंगळवार आहे.”

“माहीत आहे.”

“थांब, बाहेर येतो.” दार लागल्याचा आवाज. “बोल. मुद्दा एक?”

“मुद्दा नाही. यादीच काढलेली नाही.”

दार पुन्हा ओढून घट्ट लावल्याचा आवाज.

“नकाशा सरळ लावला,” मी म्हणाले. “हिरव्याभोवती लोखंड आहे.”

“मग काय करणार?” तो म्हणाला, चेष्टेच्याच सुरात, पण हळू. “तू नुसती उभी राहायचीस. गोळी आली तरी हलायची नाहीस. मिनिटात तीनदा मरायचीस नि मग मी एकटाच.”

“एक खेळाडू घ्यायचा होतास.”

“तू काय घेतलंस आत्ता?”

 रस्त्यावरून ट्रॉली गेली, काच थरथरली. 

“आई लिहायची, दोन्ही रिमोट घेऊन बसतोस म्हणून,” मी म्हणाले.

“आधी बसायचो. मग एकच राहिला.”

“दुसरा कुठे गेला? खोक्यात नाही. मी ‘सापडला नाही’ असं लिहिलंय.”

“शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये बघ. आईने ठेवला होता. तूच लिहिलं होतंस ना, काढून ठेव म्हणून.”

त्यात राग नव्हता. घरातली वस्तू कुठे आहे ते सांगावं, तसं त्याने सांगितलं. मग म्हणाला, “तायडे, चहाची सुट्टी संपली, आत जावं लागेल. शुक्रवारी बोलू.”

“बोलू.”

“यादी कर हां.” आणि तो गेला.

मी मशीनवरचं कापड काढलं. ड्रॉवर दमटपणाने अडकला होता, दोन्ही हातांनी ओढावा लागला. बटणं, खडू, आईची कात्री, मोजपट्टी. सगळ्यात मागे रिमोट. वायर नीट गोल गुंडाळलेली, वरचं रबर हात लावताच तुटलं. मी ती उलगडून खिडकीशी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांनी तपासली. वायर कुठेही खराब झालेली नव्हती.